समेट झाला, पुढे काय?

आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत दरवर्षी अहवाल वाचला जातो. गणेशोत्सव, शिष्यवृत्त्या, वधू-वर मेळावा, सभागृहाची डागडुजी, कोजागिरी अशा सगळ्या बाबी त्यात येतात. एका वर्षीच्या अहवालात एक वाक्य असे होते: "सभासदांच्या कौटुंबिक तंट्यात मंडळाने लक्ष घालून उभय पक्षांत समेट घडवून आणला." सभेने टाळ्या वाजवल्या. ते वाक्य आम्ही लिहिले होते. तेव्हा आम्ही मंडळाचे सहचिटणीस होतो आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. त्या वाक्याविषयी आज लिहावेसे वाटते.

गोष्ट सुमारे बारा वर्षांपूर्वीची. एक निवृत्त शिक्षक आपल्या मुलीला घेऊन मंडळात आले. मुलगी बी. कॉम. झालेली, लग्नाला तीन वर्षे झालेली. नवरा मारतो, पगार काढून घेतो आणि माहेरी फोन करू देत नाही, अशी तक्रार होती. रविवारी संध्याकाळी बैठक ठरली. ज्येष्ठ मंडळी पाच, मुलीचे वडील, नवरा, त्याचे वडील आणि काका. मुलगी दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. दीड तास बैठक चालली आणि त्या दीड तासात तिला कोणी एकही प्रश्न विचारला नाही. "भांड्याला भांडे लागायचेच," असे एक ज्येष्ठ म्हणाले. "पोरी, थोडे सोसावे लागते," असे दुसरे म्हणाले. नवऱ्याने यापुढे हात उचलणार नाही असे कबूल केले. चहा झाला. मुलगी त्याच रात्री सासरी गेली. आम्ही घरी येऊन इतिवृत्त लिहिले आणि एक चांगले काम झाले असे समजून झोपलो.

दीड वर्षाने ती सासर सोडून निघाली तेव्हा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. पुढे तिने कोर्टात दाद मागितली, वेगळी राहिली, आणि आज दुसऱ्या शहरात हिशेबनीस म्हणून नोकरी करते. मागच्या दिवाळीत भेट झाली. हा लेख लिहू का असे तिला विचारले. तिने परवानगी दिली, फक्त नाव-गाव नको म्हणाली. बोलता बोलता ती म्हणाली, "दादा, तुम्ही मला परत पाठवलंत त्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. माझ्या आईनेसुद्धा तेच सांगितलं असतं. पण त्यानंतर एकदाही कोणी बघायला आलं नाही, याचं वाईट वाटलं."

या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मंडळाची वर्गणी थकली तर आम्ही तीनतीनदा घरी जातो. सभागृहाच्या भाड्याचे पाचशे रुपये बाकी राहिले तर पत्र पाठवतो. या मुलीच्या घरी मात्र दीड वर्षात एकदाही गेलो नाही.

हे आपल्या घरातले नाही, असे कोणी म्हणू नये

आपली बडोदेकर मराठी मंडळी स्वतःला सुशिक्षित समजतात आणि ते खोटे नाही. पिढ्यानपिढ्या इथे राहिलेली घराणी, दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथली जुनी बिऱ्हाडे, शिक्षक, कारकून, वकील, इंजिनिअर. "मारहाण वगैरे प्रकार वस्तीत चालतात, आपल्यात नाही," असे वाक्य आपण किती सहज बोलतो. दुसरे वाक्य दारूचे: "दारू आली की हे सगळे येते." गुजरातेत तर राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. तरीही इथल्या घरांत मारहाण होते. तेव्हा दोष नुसता बाटलीवर ढकलून चालणार नाही.

थोडे आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित वा पूर्वी विवाहित स्त्रियांना विचारण्यात आले. नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे देशात सुमारे २९ टक्के स्त्रियांनी सांगितले. महाराष्ट्रात हा आकडा सुमारे २५ टक्के, कर्नाटकात सुमारे ४४ टक्के आणि आपल्या गुजरातेत सुमारे १४ टक्के होता. गुजरातचा आकडा ऐकून कोणाला बरे वाटेल. पण चौदा टक्के म्हणजे सात घरांमागे एक घर. समजा मंडळाची सभासद कुटुंबे सातशे धरली, तर शंभर घरे झाली. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला आपल्या शेजारी पंगतीत बसणारी ही शंभर घरे आहेत.

आणि हे फक्त ज्यांनी सांगितले त्यांचे. त्याच पाहणीत असेही दिसले की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. ज्यांनी मागितली त्यांनी बहुतेक माहेरच्याच माणसांकडे मागितली. पोलीस, वकील, डॉक्टर खूप नंतर येतात. म्हणजे बाई पहिल्यांदा तोंड उघडते ती आपल्या माणसांत. तिथे तिला "थोडे सोस" हे उत्तर मिळाले की तिचा पुढचा रस्ता बंद होतो. मंडळ हे माहेराचाच एक भाग आहे. म्हणून मंडळाने काय उत्तर दिले याला फार किंमत आहे.

"नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर तक्रार कोणाकडे करायची?" ही आपल्या भाषेतली म्हण. आजोबा-पणजोबांच्या काळी तिचे उत्तर कोणाकडे नसेल. आज आहे.

ज्या जिल्ह्यात राहतो तिथलेच उदाहरण

उत्तरासाठी लांब जायला नको. आपल्या बडोदे जिल्ह्यातच १९९५ साली 'नारी अदालत' सुरू झाली. केंद्र सरकारचा 'महिला समाख्या' हा कार्यक्रम १९८९ च्या सुमारास गुजरातेत आला. त्याखाली गावोगावी बायकांचे संघ झाले. त्या संघांतल्या बायकांच्या लक्षात आले की गावात बैठका कितीही घेतल्या तरी घरची मारहाण हा विषय प्रत्येक बैठकीत निघतोच, आणि जातपंचायतीत बाईला बोलू दिले जात नाही. मग त्यांनी स्वतःची अदालत उभी केली.

या बायका कोण होत्या? दलित, आदिवासी, गरीब शेतमजूर घरांतल्या. पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी कायद्याचे प्रशिक्षण घेतले. ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी, सरकारी कचेऱ्यांच्या आवारात, उघड्यावर त्या बसत. कोर्टाचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, शिक्षा देण्याची सत्ता नव्हती. तरीही नवरे, सासरे येत आणि उत्तरे देत.

का येत? याचा विचार आपण करायला हवा. पहिले कारण, बैठक उघड्यावर होती. आपण घरचे झाकायचे म्हणून बंद दाराआड बैठक घेतो आणि त्यात लाज वाटते ती मार खाणारीला. त्यांनी ती लाज मारणाऱ्याकडे वळवली. दुसरे कारण, त्या आधी बाईचे ऐकून घेत, मग दुसऱ्या बाजूचे. तिला काय हवे आहे, नांदायचे आहे की वेगळे व्हायचे आहे, मुले कोणाकडे, दागिने कोणाकडे, हे तिला विचारत. तिसरे, जे ठरेल ते स्टॅम्प पेपरवर लिहून सह्या-अंगठे घेत. चौथे, पोलीस ठाण्याशी आणि कचेरीतल्या अधिकाऱ्यांशी ओळख ठेवीत, म्हणजे शब्द मोडला तर पुढे कुठे जायचे हे त्यांना माहीत असे. आणि पाचवे, सगळ्यांत महत्त्वाचे: निवाड्यानंतर गावातल्या संघाच्या बायका त्या घरावर नजर ठेवत. कशी आहेस, जेवलीस का, पुन्हा हात उचलला का, हे विचारायला जात.

आमच्या त्या रविवारच्या बैठकीशी हे ताडून बघा. आम्ही पाचही जण पदवीधर होतो. या पाचांपैकी एकही गोष्ट आम्ही केली नाही.

नारी अदालतीच्या कामात उणिवा नव्हत्या असे नाही. त्याही कधी कधी तडजोडच करून देत, आणि बाईला माहेरचा आधार नसेल तर तिला परत जाण्यावाचून गत्यंतर नसे. महिला समाख्या कार्यक्रमाचा केंद्राकडून येणारा पैसाही पुढे बंद झाला. पण कल्पना टिकली. केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती' योजनेत २०२२ पासून नारी अदालतीला स्थान मिळाले आणि २०२३ पासून आसाम व जम्मू-काश्मीरच्या काही ग्रामपंचायतींत ती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी काढलेली वाट ब्रह्मपुत्रेपर्यंत गेली. आपल्या मंडळापर्यंत मात्र ती अजून आलेली नाही.

इतरांनी काय केले

मुंबईत पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातच १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईशी बोलायला प्रशिक्षित समाजसेविका असावी, हा त्यामागचा हेतू. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले. बाई दवाखान्यात "जिन्यावरून पडले" म्हणून येते. डॉक्टर आणि परिचारिका यांना ती खूण ओळखायला शिकवले, आणि बाईला त्याच इमारतीत बोलायला जागा दिली. आपल्या मंडळात डॉक्टर कमी नाहीत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

२००८ साली 'ब्रेकथ्रू' या संस्थेने 'बेल बजाओ' ही मोहीम काढली. टीव्हीवरच्या त्या जाहिराती काहींना आठवत असतील. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो, एक माणूस उठतो, त्या घराची घंटी वाजवतो आणि काहीतरी किरकोळ मागतो, कधी दूध, कधी खेळताना आत गेलेला चेंडू. तो भांडत नाही की उपदेश करत नाही. आवाज बाहेर ऐकू येतो आहे, एवढे फक्त आतल्या माणसाला कळते. पोळीत किंवा जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे सांगायला नको. भिंतीला भिंत लागून असते, सगळे ऐकू येते. आता आपण फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तरी भिंती काही फार जाड झालेल्या नाहीत. आपण टीव्हीचा आवाज वाढवतो.

महाराष्ट्रात २०२५ च्या मे महिन्यात पुण्याजवळच्या एका सुखवस्तू घरातल्या सुनेच्या मृत्यूने सारा मराठी समाज हादरला. त्यानंतर मराठा समाजाच्या बैठका झाल्या, आणि लग्नातला बडेजाव, हुंडा, देणीघेणी यांवर आचारसंहिता ठरवली गेली. हे पाऊल चांगले आहे. पण लग्न दोन दिवसांचे असते, संसार चाळीस वर्षांचा. मांडवातला खर्च कमी केला आणि मांडव उतरल्यावर मुलीकडे कोणी फिरकले नाही, तर काम अर्धेच राहते.

कायदा काय देतो

पुष्कळांच्या मनात कायदा म्हणजे ४९८-अ, पोलीस, अटक आणि बदनामी. ते कलम १९८३ साली आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांनी घेतली. त्याचा गैरवापर होतो अशी तक्रार आपल्यातही ऐकू येते. खोट्या तक्रारी होत नाहीत असे आम्ही म्हणत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार खटल्यात सरसकट अटक करू नये असे बजावले. पण गैरवापराच्या भीतीने खऱ्या मार खाणारीला दारातून परत पाठवणे हा न्याय नव्हे. बँकेत काही जण खोटे चेक देतात म्हणून आम्ही सगळ्यांचे चेक परत करत नाही.

शिवाय पुष्कळ बायकांना नवऱ्याला तुरुंगात पाठवायचेच नसते. मार थांबावा, घर सुटू नये, मुलांची फी भरली जावी, एवढेच हवे असते. त्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे साधा अर्ज करता येतो. मारहाण थांबवण्याचा हुकूम, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा हे सारे त्यात मागता येते. अर्जाची पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवावी आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, हेही खरे. कोर्टाचा संरक्षण हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे, सुनेचा काय हक्क, असा प्रश्न आपल्या जुन्या वाडेवाल्या घरांत हमखास निघतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतीशचंद्र आहुजा खटल्यात सांगितले की एकत्र राहते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी सून तिथे राहण्याचा हक्क मागू शकते. मालकी तिची होत नाही, पण रात्री अकरा वाजता तिला सामानासकट बाहेर काढता येत नाही.

आता शेजाऱ्यांविषयी. याच कायद्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे की हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याचा संभव आहे असे ज्याला वाटते असा कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवले तर त्याच्यावर कसलीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. "आपण कशाला मध्ये पडा, उद्या आपल्यावरच यायचे," हे कारण कायद्याने उरलेले नाही.

पासबुकातली मारहाण

आमचे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले. ग्राहकांच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात आणि आम्ही सांगणार नाही. पण सर्वसाधारण जे दिसते ते सांगायला हरकत नाही. बाई नोकरी करते, पगार तिच्या खात्यात जमा होतो, पण ए.टी.एम. कार्ड नवऱ्याच्या खिशात. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा, त्यामुळे ओ.टी.पी. त्याच्याकडे जातो. स्वतःच्या खात्यात किती आहे हे तिला माहीत नाही. मुदतठेव मोडायच्या कागदावर ती सही करते, तेव्हा रकमेचा रकाना कोरा असतो. लॉकर दोघांच्या नावे, कोणीही एकाने उघडावा असा, आणि ती येते तेव्हा रिकामा. अंगावर वळ नसतो म्हणून याला कोणी मारहाण म्हणत नाही. २००५ च्या कायद्यात मात्र हीसुद्धा हिंसा आहे. पैसा अडवणे, कमाई काढून घेणे, स्त्रीधन परत न देणे, हे आर्थिक छळ म्हणून त्यात स्पष्ट लिहिले आहे.

स्त्रीधनाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात सांगितले की ते बाईचे एकटीचे. नवरा किंवा सासू ते सांभाळत असतील तर विश्वासाने ठेवलेली वस्तू म्हणून, आणि मागितल्यावर परत द्यायचे. पण काय दिले होते याचा पुरावा नसतो, तिथे सगळे अडते. याही गोष्टीची सोय १९८५ च्या नियमांत आहे. लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावी, वस्तू, अंदाजे किंमत आणि देणाऱ्याचे नाव लिहावे, आणि त्यावर वधू-वर दोघांच्या सह्या असाव्यात. आपल्यातल्या किती लग्नांत ही यादी झाली? आम्ही पुष्कळ लग्नांना गेलो, आहेराची वही दर वेळी पाहिली, ही यादी एकदाही पाहिली नाही.

म्हणून लेकीच्या बापांना एक विनंती. लग्नाआधी तिचे स्वतःचे, एकटीचे खाते असू द्या. मोबाईल नंबर तिचा. वारसाचे नाव तिच्या मर्जीने. दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो माहेरी एका पाकिटात. यात जावयाचा अपमान नाही. आपण घर घेताना दस्त करतो, तेव्हा विकणाऱ्याचा अपमान होतो का?

मंडळाने काय करावे

आम्ही पुढील वार्षिक सभेपुढे ठराव मांडणार आहोत. सभासदांनी त्यावर आधीच विचार करावा म्हणून इथे देतो.

एक. मंडळाने तीन ते पाच जणींची समिती नेमावी. त्यात निम्म्याहून अधिक महिला असाव्यात, एक वकील असावी आणि शक्यतो एक डॉक्टर. तक्रार घेऊन आलेल्या बाईशी समितीने आधी एकटीशी बोलावे. तिच्या संमतीवाचून दुसऱ्या बाजूला बोलावू नये.

दोन. मारहाण झाली असेल तिथे मंडळाने "परत जा" हे शब्द उच्चारू नयेत. जायचे की नाही हे तिने ठरवावे. मंडळाने तिला रस्ते सांगावेत: २०१५ पासून सगळ्या गुजरातेत चालणारी '१८१ अभयम्' ही मोफत सेवा, संरक्षण अधिकारी, 'सखी' केंद्र, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिथे उत्पन्न कितीही असो, स्त्रीला वकील मोफत मिळतो. आपल्या शहरात 'सहियर'सारख्या संघटना १९८० च्या दशकापासून हे काम करत आल्या आहेत. त्यांच्याकडून समितीने प्रशिक्षण घ्यावे. यात कमीपणा मानू नये.

तीन. जे ठरेल ते लिहावे आणि त्याची एक प्रत बाईकडे द्यावी. त्यानंतर आठ दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी समितीतल्या दोघींनी तिची भेट घ्यावी. या भेटींची नोंद झाल्याशिवाय वार्षिक अहवालात 'समेट' हा शब्द छापू नये.

चार. सभागृहामागच्या पाहुण्यांच्या खोल्यांपैकी एक खोली अशा प्रसंगासाठी राखून ठेवावी. चार दिवस डोके टेकायला जागा नसते, म्हणून कितीतरी जणी निघत नाहीत. लग्नाच्या मोसमात एका खोलीचे भाडे बुडेल, तेवढे मंडळाला झेपेल. हे आम्ही हिशेब पाहून सांगतो.

पाच. वधू-वर मेळाव्याच्या अर्जासोबत भेटींच्या यादीचा नमुना द्यावा. मेळाव्यात पत्रिका, पगार, उंची, रंग हे सगळे विचारले जाते. एका तासाचे व्याख्यान या विषयावर ठेवायला काय हरकत आहे? आणि ते मुलांसाठी ठेवावे. मुलींना सोसायला शिकवून झाले, आता मुलांना हात आवरायला शिकवू.

सहा. निवडणुकीच्या वेळी मते मागायला आपल्या सभागृहात उमेदवार येतात, हारतुरे होतात. त्यांना मंडळाने एक प्रश्न लेखी द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात सर्व राज्यांना जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. आपल्या भागात ते नेमले गेले का, त्यांना दुसरी कामे नाहीत ना, बसायला जागा आणि यायला-जायला वाहन आहे का? मराठी शाळा, मराठी वाचनालय यांच्या मागण्या आपण करतोच, त्याच कागदावर ही मागणी हवी.

आपण कोणत्या गावचे

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९०४ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९३१ साली हिंदू स्त्रीला काडीमोड मागण्याचा कायदेशीर हक्क याच बडोद्यात मिळाला. देशभरासाठी तो हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली आला, म्हणजे चोवीस वर्षांनी. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ साली पुण्यात भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी महाराणी चिमणाबाई होत्या. दर वर्षी जयंतीला आपण हे सगळे अभिमानाने सांगतो. हार घालतो, फोटो काढतो. त्याच बडोद्यातल्या त्याच समाजाच्या मंडळात एक पदवीधर मुलगी दीड तास दाराजवळ बसते आणि तिला कोणी काही विचारत नाही, हे त्या अभिमानात कुठे बसते?

काही ज्येष्ठ म्हणतील, यामुळे घरे मोडतील. आम्हालाही पूर्वी असेच वाटायचे. आज वाटते की घर मोडते ते पहिला हात उचलला जातो त्या दिवशी. त्यानंतर आपण करतो ती नुसती रंगरंगोटी. ज्यांना खरोखर नांदायचे आहे त्यांची घरे अशा समितीमुळे सावरतील, कारण बाहेर कोणीतरी विचारणारे आहे हे नवऱ्याला ठाऊक असेल.

आणखी एक शंका येईल: समितीत बसणार कोण? शब्द येईल, वैर येईल, नातीगोती आड येतील. खरे आहे. म्हणून पहिले नाव आम्ही आमच्या सौभाग्यवतींचे देतो. त्यांना विचारूनच देतो. त्यांनी एकच अट घातली: समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आम्ही लिहायचे नाही, त्या लिहितील. आम्ही अट मान्य केली आहे.

ठरावाला सूचक म्हणून आमची सही झाली आहे. अनुमोदक हवा आहे. ज्या सभासद बंधु-भगिनींना अनुमोदन द्यायचे असेल त्यांनी सभेपूर्वी मंडळाच्या कार्यालयात सही करावी. त्या जुन्या इतिवृत्ताची वही कार्यालयाच्या कपाटात अजून आहे. त्या पानावर त्या मुलीची सही नाही, कारण तिची सही घ्यावी असे तेव्हा आमच्या मनातही आले नव्हते.